चौथी जागा

हजच्या अर्जाला जो नंबर मिळतो त्याला आमच्याकडे सगळे 'कव्हर नंबर' म्हणतात. एका कव्हरमध्ये जास्तीत जास्त पाच प्रौढ असतात. प्रौढ किती आणि तान्ही मुले किती, हे दोन आकडे नंबराच्या शेवटी येतात. आमच्या नंबराच्या शेवटी चार आणि शून्य होते. चौघांपैकी आम्ही पती-पत्नी नांदेडचे. दोघे लातूरचे, आमची थोरली आपा आणि दूल्हाभाई. 2023 च्या जून महिन्यात आम्ही निघालो तेव्हा तिघेच होतो. नंबराच्या शेवटचा चार मात्र शेवटपर्यंत तसाच राहिला. बॅगेवर, गळ्यातल्या ओळखपत्रावर, इमारतीच्या यादीत, सगळीकडे.

निघायच्या अकरा दिवस आधी दूल्हाभाई फजरच्या वुजूला उठले आणि न्हाणीत पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. वय 68. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आणि तीन महिने लांबचा प्रवास नाही, हेही सांगितले. घरात दोन बॅगा भरून ठेवलेल्या, लशी टोचून झालेल्या, लातूरच्या तरबियती कॅम्पमध्ये तवाफचे फेरे मोजायला शिकून झालेले. नातेवाईक भेटून 'कहा-सुना माफ' म्हणून गेलेले. आता आपाने काय करायचे, हा प्रश्न होता. प्रश्न एका आपाचा नव्हता. सोबतीने प्रवास ठरवणाऱ्या प्रत्येक घराला तो कधी तरी पडतो, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

रूम पार्टनरपासून जहाजापर्यंत

सोबती ऐनवेळी गळाला तर काय होते, हे लातूरकरांना नवे नाही. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने गावोगावची मुले इथे शिकायला येतात आणि दोघे-तिघे मिळून खोली घेतात. वर्षाच्या मध्येच एखादा रूम पार्टनर गाव गाठतो. त्याची कॉट रिकामी होते, पण घरमालकाचे भाडे कमी होत नाही. ते उरलेल्यांच्या वाट्याला येते. मग दोन महिने नव्या पार्टनरचा शोध. शाळेत शिकवताना अशा किती पालकांचे फोन आम्ही ऐकले असतील!

हौसेच्या सफरीतही हाच हिशोब थोड्या वेगळ्या रूपात दिसतो. 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलियाचे जहाज गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले आणि मराठवाड्यातलीही माणसे हौसेने जाऊ लागली. अशा जहाजावर केबिनचा दर माणशी सांगतात, पण तो दोघे राहतील असे धरून काढलेला असतो. एकट्याने केबिन घ्यायची तर जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. दोघांनी पैसे भरले आणि एक जण धक्क्यावर आलाच नाही, तर न आलेल्याचे पैसे सहसा बुडतात. आलेला आपल्या केबिनमध्ये जातो, दुसऱ्या बिछान्यावर बॅग ठेवतो आणि जहाज सुटते. सोबत्याने आधीच कळवून जागा रद्द केली तर मात्र त्याला काही रक्कम परत मिळते आणि उरलेल्याच्या माथी एकट्याचा दर येऊ शकतो. म्हणजे पैशापुरते पाहिले तर प्रश्न सरळ आहे. रिकाम्या बिछान्याचे पैसे कोण देणार, एवढाच.

हजच्या प्रवासात मात्र रिकाम्या जागेला आणखी तीन प्रश्न चिकटतात. उरलेल्याला जायची परवानगी आहे का? गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? आणि मागे राहिलेल्याचा हज कधी आणि कसा होणार?

आजोबांच्या वेळची वाट

नांदेड आणि लातूर 1948 पर्यंत निजामाच्या रियासतीत होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. ते जिल्हा झाले 16 ऑगस्ट 1982 रोजी. हजला जायचे तर दोन्ही गावांना मुंबई गाठावी लागे, पण वाटा वेगळ्या होत्या. नांदेडकर गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेज गाडीने मनमाडला जात आणि तिथे मोठ्या गाडीत बसत. लातूरकर बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी गाठत. ही नॅरोगेज 1911 साली लातूरला पोचली आणि या शतकात ब्रॉडगेज होईपर्यंत लातूरकरांचा मुंबईचा रस्ता कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडी बदलूनच जात होता.

मुंबईत मुसाफिरखान्यात मुक्काम, मग धक्का आणि जहाज. मुघल लाइनची 'मोहम्मदी', 'इस्लामी', 'मुजफ्फरी', पुढे 'अकबर', 'नूरजहाँ' ही नावे आमच्या आजीच्या तोंडी नातेवाइकांच्या नावांसारखी असत. या कंपनीचे मूळ 1877 साली मुंबईत निघालेल्या आगबोट कंपनीत आहे. जिद्दापर्यंत समुद्रात आठवडाभर तरी लागे. यलमलमच्या जवळ जहाज आले की पुकारा होई आणि लोक एहराम बांधत. जुन्या काळी येमेनजवळच्या कमरान बेटावर जहाज अडवून हाजींना आरोग्य तपासणीसाठी ठेवीत. जाऊन परत यायला तीन-चार महिने लागत आणि बरेच जण सामानात कफनाचे कापड घेऊनच निघत.

अशा प्रवासात सोबती गळणे म्हणजे काय, हे त्या पिढीला नीट ठाऊक होते. कोणी मुंबईत तापाने पडे आणि जहाज सुटून जाई. कोणी समुद्रातच अल्लाहला प्यारा होई. जनाज्याची नमाज डेकवर होई आणि मय्यत समुद्राच्या स्वाधीन केली जाई. जिद्दाला उतरताना त्या घोळक्यात एक माणूस कमी असे. अरबीत एक जुनी म्हण आहे की आधी सोबती पाहा, मग वाट धरा. त्या लोकांनी ती नुसती ऐकलेली नव्हती. एका मोहल्ल्यातले, एका गावातले लोक मिळूनच निघत ते यासाठी, की एक गळाला तरी उरलेला एकटा पडू नये. ज्याचा सोबती गेला त्याला बाकीचे आपल्या दस्तरखानावर घेत. त्याचे सामान उचलत. परत आल्यावर गेलेल्याच्या घरी निरोप आणि त्याची पेटी पोचवायची जबाबदारीही त्यांचीच.

1995 साली जहाजाने हजला जाणे बंद झाले. आता मुंबईहून जिद्दाला साडेपाच तासांच्या आत विमान उतरते. पण कव्हरची पद्धत पाहिली की वाटते, त्या जुन्या घोळक्याचाच हा कागदी अवतार आहे.

कागदावरचे नाते

दूल्हाभाई इस्पितळात असताना पहिल्या दिवशी कोणीच हजचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडहून लातूरला गेलो. गंजगोलाईजवळ उतरून रिक्षाने इस्पितळात पोचलो तेव्हा आपा बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. तिने ठरवून टाकले होते. "मी जात नाही. त्यांचं ऑपरेशन, आणि मी तिकडे? लोक काय म्हणतील?"

आम्ही तिच्याशी वाद घातला नाही. आधी नियम पाहिले.

आपल्याकडच्या हजच्या अर्जात स्त्रीच्या नावापुढे महरमचे नाव आणि नाते लिहावे लागते. महरम म्हणजे पती, किंवा ज्याच्याशी निकाह कधीच होऊ शकत नाही असा जवळचा पुरुष, म्हणजे बाप, भाऊ, मुलगा, भाचा, पुतण्या. हनफी मसलकात, आणि मराठवाड्यातले आपण बहुतेक हनफी, स्त्रीने महरमशिवाय हजचा प्रवास करू नये असे सांगितले आहे. आपल्याच राज्यातले कोकणी मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या मसलकात फर्ज हजसाठी भरवशाच्या स्त्रियांच्या गटाबरोबर जाण्याची मुभा आहे. 2018 च्या हजपासून भारताच्या हज कमिटीने 45 वर्षांवरच्या ज्या स्त्रियांचा मसलक परवानगी देतो त्यांना चौघींच्या गटाने, महरमशिवाय जाण्याची सोय केली. पहिल्या वर्षी तेराशेच्या आसपास अर्ज आले होते. 2023 साली अशा चार हजारांहून अधिक स्त्रिया गेल्या.

पण आपाचा अर्ज त्या गटातला नव्हता. तिचे महरम दूल्हाभाई होते. महरमच येत नसेल तर त्याच्या आधारावर निघालेल्या स्त्रीची जागा धोक्यात येते. इथे एक गोष्ट कामी आली. त्याच कव्हरमध्ये तिचा सख्खा भाऊ होता. चार महिन्यांपूर्वी अर्ज भरताना चौघांची नावे एकत्र घातली, ती केवळ खोली एकत्र मिळावी म्हणून. पण त्यामुळेच आपाचे जाणे वाचले. नवे नाते सिद्ध करायला धावपळ करावी लागली नाही. वेगवेगळी कव्हरे भरली असती, तर त्या दहा दिवसांत कागद हलवता हलवता विमान निघून गेले असते.

मग मसअला विचारला. ओळखीच्या मौलाना साहेबांनी दोन प्रश्न केले. पैसे कुणाचे? आणि महरम आहे का? पैसे आपाचे स्वतःचे होते. बावीस वर्षे शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवून, भिशी लावून तिने ते जमवले होते. मुंबईहून जायचा खर्च त्या वर्षी माणशी तीन लाखांच्या वर होता. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून विमान जवळ पडते, पण ऐंशी हजारांहून जास्त फरक होता, म्हणून आम्ही सर्वांनी मुंबई लिहिली होती. मौलाना म्हणाले, स्वतःच्या ऐपतीने हज फर्ज झाला आहे आणि महरमही सोबत आहे, तर अशा हजला नवऱ्यालाही अडवता येत नाही. मग लोकांचे काय घेऊन बसलात?

शेवटचा शब्द दूल्हाभाईंचा होता. पलंगावर पाय बांधलेला, आवाज बारीक. आपाला म्हणाले, "फारम एक है, पन फर्ज दोनो का अलग-अलग है. तुम जाव. मेरी फिकर नक्को करो, बच्चे हैं मेरे पास."

आपा रडली. पण बॅग तिने त्याच संध्याकाळी नव्याने भरली. दोघांच्या सामानात दोघांचे कपडे मिसळले होते. तिने त्यांचा एहराम, बेल्ट आणि चपला काढून कपाटात ठेवल्या. औषधांची पिशवी दोन भागांत वाटली. काय न्यायचे यापेक्षा काय मागे ठेवायचे, यातच तिची रात्र गेली.

दूल्हाभाईंची जागा रद्द करण्याचा अर्ज, इस्पितळाचे कागद जोडून, वेळेत दिला. हे काम टाळून चालत नाही. विमानाची तारीख जवळ येईल तसे कापले जाणारे पैसे वाढतात. गंभीर आजार आणि मृत्यू यांचा विचार वेगळा होतो, पण त्यासाठी कागद लागतात. लवकर कळवले तर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या कोणाच्या तरी नशिबी येऊ शकते. न कळवता राहिलेला माणूस आपले पैसे तर घालवतोच, पण एका वाट पाहणाऱ्याचा हजही अडवून बसतो.

नांदेडहून, लातूरहून

आमचे नांदेड यात्रेकरूंना ओळखणारे गाव आहे. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून रोज माणसे येतात. सचखंड एक्स्प्रेस अमृतसरहून त्यांना घेऊन येते. स्टेशनावर पगड्या, गाठोडी, म्हाताऱ्यांचे हात धरलेली नातवंडे हे नेहमीचे दृश्य. आम्ही सकाळी तपोवन एक्स्प्रेससाठी फलाटावर उभे होतो तेव्हा शेजारी परतीला निघालेले एक सरदारजींचे कुटुंब होते. गळ्यातले हार पाहून त्यांनी विचारले, कुठे? हजला म्हटल्यावर बाबाजींनी दोन्ही हात जोडले आणि आपल्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा आमच्या हातात दिला.

रात्री मुंबई. सीएसएमटीपासून हज हाउस चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण बॅगा असल्याने टॅक्सी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर एक्स्प्रेसने आपा आली. तिचा थोरला मुलगा पोचवायला आला होता. त्याने आईची बॅग आमच्याजवळ ठेवली, पासपोर्टचे पाकीट दिले आणि दुपारी परत फिरला, कारण इस्पितळात धाकटा एकटा होता. हज हाउसच्या खिडकीवर आम्ही चौघांच्या कागदांतले तिघांचे कागद उचलले. आतल्या बाबूने एकदा वर पाहिले, "चौथे?" म्हणून विचारले. आपाने शांतपणे उत्तर दिले, "बीमार हैं. अगले साल आएँगे, इन्शाअल्लाह."

अजीजियातली खाट

मक्केत आपल्याकडच्या हाजींची सोय बहुतेक अजीजिया भागात होते. हरमला जायला बस असते. आमच्या कव्हरला चार खाटांची एक खोली होती. तिघे आम्ही आणि चौथी खाट मोकळी. पहिल्या रात्री आपाने त्या खाटेवर आपली बॅगसुद्धा ठेवली नाही. आम्हीही ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. इमारतीचे काम पाहणारा माणूस एका वयस्कर हाजींना घेऊन आला होता. हिंगोलीकडचे शेतकरी. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचा मुलगा सोबत होता, पण खाटांच्या हिशोबात मुलाला वरचा मजला आला होता आणि बापाला जागा शोधणे चालू होते. यादीत आमच्या खोलीतली खाट रिकामी दिसत होती. आता आमच्या खोलीत दोन बायका. बाबांना संकोच, आम्हालाही. मग आम्ही समोरच्या खोलीतल्या कुटुंबाशी बोललो. एका खोलीत सगळ्या स्त्रिया आणि दुसरीत पुरुष, अशी अदलाबदल केली. खाटा मोजल्या, नावे लिहून इमारतीच्या माणसाला दिली. चौथ्या खाटेवर हिंगोलीचे बाबा आले आणि वरच्या मजल्यावरच्या एकाशी बदली करून त्यांचा मुलगाही आमच्याच खोलीत आला.

पुढचे सगळे दिवस त्या बाबांचे कंबरेचे तेल, त्यांची पहाटेची खोकल्याची ढास आणि त्यांचे 'मास्तर, उठा, बस निघंल' हे अस्सल मराठवाडी बोलावणे आमच्या सोबतीला होते. मिनाच्या तंबूत, जिथे माणसाला जेमतेम एका गादीची जागा असते, तिथे त्यांच्या मुलाने आमच्यासाठी जागा धरून ठेवली. मुजदलिफाच्या उघड्या रात्री त्यांनी आमच्याही वाटणीचे खडे वेचले. दूल्हाभाई नसल्याने आपण तिघांना पुरे पडू का, ही काळजी घेऊन आम्ही निघालो होतो. जाताना माहीत नव्हते की मदत त्याच रिकाम्या खाटेवरून येणार आहे.

बायकांच्या खोलीतही असेच झाले. आपा आणि तिची भावजय, घरी वर्षातून चार दिवस भेटणाऱ्या, तिथे महिनाभर एका ताटात जेवल्या. आपाचा पाय सुजला की ही मिठाच्या पाण्याची बादली आणी. हिला गर्दीत चक्कर आली तेव्हा आपाने, "दुल्हन, मेरा हात पकड," म्हणत तिला तवाफच्या लोंढ्यातून कडेला काढले.

आमच्या जिल्ह्यांचा मक्केशी एक जुना धागा आहे, तोही या वेळी पाहिला. निजामाच्या वेळेपासून तिथे रुबात आहे, म्हणजे हाजींना मोफत उतरायची जागा. जुन्या रियासतीतले जिल्हे, म्हणजे तेलंगण, आपला मराठवाडा आणि कर्नाटकातले बीदर-गुलबर्ग्याकडचे भाग, यांतल्या हाजींना कुर्रा काढून तिथे जागा देतात. आमच्या ओळखीच्या एका कव्हरचा कुर्रा निघाला होता, त्यांना भेटायला गेलो. जिन्यात लातूर, बीदर, करीमनगर अशा सगळ्या बोली कानावर पडत होत्या. रियासत जाऊन पाऊणशे वर्षे झाली, पण त्या जिन्यात ते जिल्हे अजून शेजारीच राहतात.

मागे राहिलेल्याचे काय?

आपाच्या मनात एक गोष्ट घोळत होती. आपण इथे आहोतच, तर त्यांचाही हज आपणच केला तर? पुष्कळांना असे वाटते, म्हणून मसअला लिहितो. हजे-बदल, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने हज, हा ज्याला स्वतः जाणे कायमचे अशक्य झाले त्याच्यासाठी किंवा मयतासाठी असतो. बरा होऊन जाऊ शकणाऱ्याने थांबायचे असते. शिवाय जिचा स्वतःचा फर्ज हज अजून व्हायचा आहे तिने आधी आपलाच करावा. मात्र नफल तवाफ करून त्याचा सवाब कोणालाही बख्शता येतो. आपाने एका रात्री इशानंतर दूल्हाभाईंच्या नावाने तवाफ केला. आम्ही म्हटले, फोन लाव, व्हिडिओवर दाखव. ती नाही म्हणाली. खोलीवर येऊन मग फोन केला आणि सात फेऱ्यांना किती वेळ लागला, कुठे गर्दी होती, कुठे पाय भाजला, सगळे सांगितले. तिकडून बराच वेळ नुसते "हूँ, हूँ" ऐकू येत होते.

त्या वर्षी अरफाचा दिवस 27 जूनला आला. आपल्याकडे बकरी ईद 29 जूनला होती आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता दुसऱ्या दिवशी करायचे ठरवले होते. दूल्हाभाईंच्या गल्लीतही तसेच झाले. ते वॉकर धरून दारापर्यंत आले, खुर्चीवर बसून नमाज पढले आणि शेजारच्या काकांनी पाठवलेली उपवासाची भगर खाल्ली, ही खबर आपाला मिनात मिळाली. तंबूतल्या बायकांना तिने ती दोनदा सांगितली.

2025 साली दूल्हाभाई हजला गेले. त्या वर्षीपासून राखीव गटाची वयाची अट 70 वरून 65 वर आली होती आणि ते सोबत्यासह त्या गटात बसत होते. आपाचा हज झालेला, म्हणून सोबती थोरला मुलगा. इथला नियम उलट्या बाजूने कडक आहे. वयस्कर माणसाला एकट्याने जाता येत नाही. आणि त्याचे जाणे रद्द झाले तर त्याच्या आधाराने जागा मिळालेल्या सोबत्याचीही जागा जाते. म्हणून त्या वेळी घरात सगळ्यांचे लक्ष एकाच गोष्टीवर होते, न्हाणीतली फरशी. ती बदलून खडबडीत केली, भिंतीला धरायला दांडा लावला. जायच्या आधी महिनाभर आपा दूल्हाभाईंना वुजूला एकटे जाऊ देत नव्हती. दोघेही बापलेक सुखरूप जाऊन आले. एका अर्जात नावे लिहिलेल्या नवरा-बायकोचे हज दोन वर्षांच्या अंतराने, वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर झाले.

आता नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गल्ल्यांत लोक पुढच्या हजचे अर्ज भरायला बसतील तेव्हा आमच्याकडे विचारायला येतात, म्हणून एवढे सांगून ठेवतो. कव्हरमध्ये स्त्री असेल तर शक्यतो तिचे दोन महरम असावेत. पती येणार असला तरी भाऊ किंवा मुलगा त्याच कव्हरमध्ये घ्यावा. पैसे एकाच्या हातून भरले जात असले तरी कोणी किती दिले, जागा रद्द झाली तर परतीची रक्कम कोणाची, हे दोन साक्षीदारांपुढे लिहून ठेवावे. सूरह बकरहमध्ये उधारीचा व्यवहार लिहायची आज्ञा आहे, ती सख्ख्या भावंडांनाही लागू आहे. प्रत्येकाची बॅग आणि औषधे वेगळी ठेवावीत. जागा रद्द करायची वेळ आली तर एक दिवसही उशीर करू नये.

आणि कोणी मागे राहिलाच, तर निघणाऱ्याला 'तू कशी जातेस?' असे विचारू नये. त्यापेक्षा इस्पितळातल्या पाळ्या वाटून घ्याव्यात. आपाच्या वेळी शेजारच्या तीन घरांनी तेच केले. ती परत आली तेव्हा स्टेशनावर दूल्हाभाई वॉकर धरून उभे होते आणि त्यांच्यामागे त्या तीन घरांची माणसे. जमजमच्या पाण्याचा पहिला पेला तिने त्या शेजाऱ्यांना दिला.